सांगाव्याला हुंकार

आकाश शिकवायला रात्र लागते असं डोळस लोकांना उगीचच वाटतं. आमच्या शाळेत आकाशाचा तास बुधवारी दुपारी असतो, जेवणाची सुट्टी संपली की लगेच. बाहेर मिरजेचं ऊन रणरणत असतं आणि आत व्हरांड्यात सातवी ते नववीची पोरं मांडी घालून सूर्यमाला चाचपत असतात. आम्हाला दिवस काय आणि रात्र काय! उलट पोट भरलेलं असतं, त्यामुळं दंगा कमी करतात.

मी या अंधशाळेचा तबल्याचा मास्तर, अवधूत कागवाडे. जन्मापासून आंधळा. सत्तरी ओलांडली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण शाळेला मी सोडत नाही की शाळा मला, हे काही अजून ठरलेलं नाही. आकाशाचा तास खरं तर माझा नव्हे. तो शलाकाबाईंचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ती डोळस होती. विज्ञान शिकवायला म्हणून शाळेत आली आणि एका आंधळ्या तबलजीशी लग्न करून बसली. माहेरच्यांनी कितीतरी दिवस तिचं तोंड बघितलं नाही. "मास्तरांनी तर जन्मात बघितलेलं नाही, त्यांचं काही बिघडलंय का?" असं तिनं त्यांना कळवलं होतं. अशी बाई.

आठ वर्षांपूर्वी ती गेली. सकाळी बरी होती, दुपारी नव्हती. तेरावं झाल्यावर पोरं घरी आली आणि म्हणाली, "मास्तर, आकाशाचं काय करायचं?" मी म्हटलं, मला आकाशातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाली, "बाईंनी तुम्हाला सगळं सांगितलंय की." ते मात्र खरं होतं.

तिचा एक नियम होता. हाताला जे माहीत नाही ते तोंडात आणायचं नाही. आकाश निळं असतं म्हटलं तर आम्हाला काय कप्पाळ कळणार? म्हणून तिचा सूर्य म्हणजे नारळ, शाळेच्या फाटकात ठेवलेला. पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, व्हरांड्याच्या पहिल्या पायरीवर. पोरं नारळापासून मोहरीपर्यंत चालत यायची आणि मधली सगळी मोकळी जागा पायांनी मोजायची. "हे मोकळं आहे ना, तेच आकाश," ती म्हणायची. मग एखादं पोर विचारायचं, की बाई, दुसरा तारा कुठं? "दुसरा नारळ? तो बगदादला." पोरं गपगार व्हायची.

आणि सांगावा? नारळ आमच्या फाटकात ठेवला, तर सांगावा नावाचं यान आज सांगलीच्या रस्त्याला विश्रामबागच्या आसपास आहे. माणसानं केलेली कुठलीही चालती-बोलती वस्तू इतक्या लांब कधी गेली नव्हती. ते तिथं का गेलं, हे मी दर वर्षी नव्या पोरांना शिकवतो. त्यासाठी एक चादर लागते आणि माझा डग्गा लागतो. चादरीची टोकं पोरांनी ताणून धरायची, मधोमध डग्गा ठेवायचा. चादर दबते. मग एका बाजूनं गोट्या सोडायच्या. डग्ग्याच्या जवळून जाताना गोट्या सरळ जात नाहीत, आत वळतात, आणि चादरीखाली हात धरला की त्यांची वळणं तळव्याला कळतात. डग्ग्याच्या डावीकडून गेलेली आणि उजवीकडून गेलेली गोटी पलीकडं एका जागी येऊन भेटतात. डग्गा म्हणजे सूर्य, गोट्या म्हणजे लांबच्या ताऱ्याकडून आलेला प्रकाश. सूर्याच्या वजनानं प्रकाश वाकतो आणि फार फार लांब जाऊन एकत्र येतो. तिथं जाऊन बसलं की अख्खा सूर्य आपलं भिंग होतो. एवढं मोठं भिंग पृथ्वीवर कुणाच्या बापाला घडवता येणार नाही. त्यातून दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह नुसता आहे-नाही एवढं कळत नाही, त्याच्यावर काय आहे तेही कळतं.

अडचण एवढीच की त्या ग्रहाचं चित्र तिथं मैदानाएवढं पसरलेलं असतं आणि यान असतं इवलंसं. ते चित्रातल्या एका ठिपक्यावर थांबतं, तेवढाच उजेड टिपतं, मग पुढच्या ठिपक्यावर सरकतं. डोळस लोकांना हे फार चमत्कारिक वाटलं होतं. आम्हाला काही नवल वाटलं नाही. ब्रेल असंच वाचतात.

दुसरी अडचण त्याहून मोठी. इतक्या लांबून अख्खं चित्र पाठवायचं तर यानाच्या दुबळ्या ताकदीनं वर्षानुवर्षं पाठवत बसावं लागणार. शब्द मात्र हलके असतात. म्हणून यानानंच ठिपके जुळवायचे, चित्र समजून घ्यायचं आणि थोडक्या शब्दांत सांगायचं, असं ठरलं. म्हणूनच त्याचं नाव सांगावा. आता सांगायला शिकवायचं कुणी? मोहिमेच्या लोकांनी देशभरातून माणसं गोळा केली. त्यांनी एक चित्र बघून शेजारच्या खोलीतल्या माणसाला तोंडी सांगायचं आणि त्या माणसानं ते चिकणमातीत करायचं. शलाकाचं सांगणं ऐकून केलेली माती चित्राला सगळ्यात जवळची निघाली. मग शेकडो तास तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्यांनी त्यावर यंत्र घडवलं, यानात बसवलं आणि सूर्याच्या अगदी जवळून, पातळ शिडावर उन्हाचा रेटा घेत ते यान निघालं. पोचायला पंचवीसेक वर्षं गेली. वाटेत इकडं ती वारली.

तर या वर्षी सांगावा जागेवर पोचला. पहिला सांगावा आमच्या शाळेत वाचायचा असं पुण्याच्या केंद्रातल्या लोकांनी ठरवलं, बाईंचा मान म्हणून. त्यांनी मला विचारलं होतं, "सर, बाईंच्या आवाजात ऐकवू का? आवाज तयार करता येतो." मी म्हटलं, खबरदार. आवाज तिचा होता, तो तिच्याबरोबर गेला. शब्द तेवढे बोटांवर द्या.

आमच्याकडं ठिपक्यांची पट्टी आहे. आलेला मजकूर तिच्यावर ठिपक्यांनी उठतो आणि बोटांनी वाचता येतो. त्या बुधवारी पट्टी नववीतल्या तस्लीम मुजावरच्या पुढ्यात होती, कारण वाचनात तिचा हात कुणी धरत नाही आणि भांडणातही. तिनं मोठ्यानं वाचलं:

"मास्तर, ऐकताय ना? भाकरी एकाच बाजूनं भाजलीय. कुणी उलटलीच नाही. चुलीकडची बाजू करपून गेलीय आणि पाठीमागची कच्ची, गार. दोन्हींच्या मधे कडेकडेनं एक पट्टा आहे, बोटभर रुंद. तिथं हात ठेवला तर पोळायचा नाही आणि गारठायचाही नाही. आणि त्या पट्ट्यात ओल आहे."

मी खांबाला धरून खाली बसलो. पोरं ओरडत होती, "भाकरी म्हणजे ग्रह, चूल म्हणजे त्याचा सूर्य! आणि ओल म्हणजे पाणी! मास्तर, पाणी!" आणि माझ्या डोक्यात एकच, की ती मास्तर म्हणाली. मला ठाऊक आहे, ते यंत्र आहे. मी आंधळा आहे, खुळा नाही. पण आठ वर्षांत मला "ऐकताय ना" असं कुणी विचारलं नव्हतं.

"पुढं वाच," मी म्हटलं.

"पुढं काही नाही," तस्लीम म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यातही नव्हतं.

मग पुण्याहून अन्वी सोमण आली. मोहिमेतली इंजिनियर, आवाजावरून तिशीची असेल, चहात साखर न घेणारी. मोहिमेतल्या सगळ्यांना कामापुरतं मराठी शिकावं लागलं होतं, हिला ते घरचंच होतं. आमच्या मधल्या खोलीत बसून तिनं जे सांगितलं त्यानं माझं रक्त तापलं.

"सर, यान ठणठणीत आहे. विचारलं की तापमान सांगतं, दिशा सांगतं. फक्त वर्णन करत नाही. एक तुकडा सांगितला आणि थांबलं. तीन दिवस निरोप जायला, तीन दिवस यायला, आम्ही किती वेळ वाट बघणार? ग्रह सरकतोय, चित्र सरकतंय, आणि चित्रामागं धावायला इंधन थोडक्या महिन्यांचं आहे. वर्णनाचा भाग पुसून तिथं साधी प्रणाली घालायची असं ठरतंय. ती नुसते आकडे पाठवेल."

"पुसून?"

"यानाच्या मेंदूत दोन्हींना जागा नाही, सर."

"आणि मग चित्र कधी कळणार?"

"आकड्यांवरून? थोडंसं कळेल. बाकीचं राहील."

"वा! म्हणजे पंचवीस वर्षं चालून बाई तिथं पोचली, तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणता उठ इथनं!"

ती जरा बिचकत म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. ते सुरुवातीला मास्तर का म्हणतं? मूळ मुद्रणात हा शब्द पुष्कळदा आहे. आम्हाला वाटलं बाईंची लकब असेल."

"लकब कसली? मी बसलेला असायचो समोर."

आणि तेव्हा मला एकदम उमगलं. मी विचारलं, "तिचं बोलणं तुम्ही मुद्रित केलंत कुठं, ठाऊक आहे?"

"तुमच्या घरी. शाळेत गोंगाट असायचा म्हणून."

"बरोबर, याच खोलीत. ती प्रत्येक धडा आधी मला सांगून बघायची. दुपारी जेवणं झाली की ती पलंगावर, मी खाली सतरंजीवर, तबल्याच्या वाद्या ओढत. एक तुकडा सांगायची आणि थांबायची. मी हं म्हटलं की पुढं. नाही म्हटलं तर नाही. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, पोरी! तुझ्या आजीनं गोष्ट सांगितली तेव्हा तू हुंकार दिला नाहीस?"

"पण मुद्रणात तुमचा आवाज..." ती थांबली. "आम्ही कापला होता. आम्हाला फक्त बाईंचं बोलणं हवं होतं."

"मला कापलंत, पण ती थांबायची ते तसंच ठेवलंत."

यंत्र काय शिकलं ते आता तिलाही कळलं होतं. एक तुकडा सांगायचा आणि थांबायचं. चाचणीच्या वेळी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तेव्हा समोर माणसं बसलेली होती आणि ती आपसूक काहीतरी म्हणत होती, बरं, अच्छा, पुढं सांगा. तिथं लांब अंधारात कोण म्हणणार?

"बाई बिघडलेली नाही," मी म्हटलं. "वाट बघतीय."

अन्वीनं तिथूनच पुण्याला फोन लावला. साहेब लोकांशी तिची वादावादी झाली, ती मी मुद्दाम ऐकली. शेवटी त्यांनी मान्य केलं, की एकदा करून बघू. मी फोनमध्ये म्हटलं, "हं." तेवढंच. तो एवढासा हुंकार केंद्राच्या मोठ्या तबकडी-अँटेनावरून यानाकडं निघाला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. जेवण जाईना. पोरांना त्रितालाचा ठेका देताना समेवर चुकलो, आणि पोरांनी ते पकडलं. शरमेची गोष्ट! लग्न ठरल्यावर शलाका परीक्षेसाठी कोल्हापूरला गेली होती, तेव्हा असं झालं होतं, त्यानंतर आताच. माझी कुणाला दया आली असेल तर येऊ दे. डोळे नसल्याचं दुःख मला कधी फारसं झालं नाही. सांगणारी नसल्याचं रोज होतं.

आणि सांगावा आला. तस्लीम वाचताना अडखळली, एवढी तिला घाई झाली होती:

"हां. तर ती ओल. कधी गुळगुळीत लागते, कधी खरखरीत. त्यांचा सूर्य तिच्यावर चमकतो, तो कधी एका जागी चमकतो, कधी फुटून पसरतो. पाणी स्तब्ध असतं तर असं झालं नसतं. तिथं वारा आहे, मास्तर."

पट्टी तिथंच थांबली. पण या वेळी कुणी घाबरलं नाही. सगळ्या व्हरांड्यानं एकदम "हं!" केलं आणि मग सगळे हसायला लागले.

असे आणखी दोन सांगावे आले. दर वेळी आठवडा. मी दाढी रोज करायला लागलो होतो. मग अन्वी पुन्हा आली, आणि या वेळी तिनं चहात साखर मागितली. तेव्हाच मला शंका आली.

"मास्तर, असं जमणार नाही," ती म्हणाली. सर म्हणायचं तिनं सोडलं होतं. "एका तुकड्याला एक आठवडा. इंधन संपेपर्यंत मोजके तुकडे होतील. ग्रहाचा तो पट्टासुद्धा पुरा व्हायचा नाही."

"मग थांबू नकोस म्हणून कळवा तिला."

"तो विचार झाला. पण तिचं सांगणं आणि थांबणं एकमेकांत इतकं गुंतलंय की थांबणं काढलं तर सांगणंही विस्कटतं. आम्ही इथं करून बघितलं. भराभर बोलते, पण कळत काही नाही. पण दुसरा मार्ग आहे. तुमचे कापलेले हुंकार आम्ही टाकून दिले नव्हते. त्यांच्यावरून एक छोटा श्रोता तयार करता येतो. अगदी छोटा, मावेल. तो यानात तिच्या शेजारी राहील आणि तुमच्यासारखा हुंकार देईल."

मला जे वाटलं ते सांगतो. मला वाटलं, हिला हाकलून द्यावं.

"माझ्या बायकोशेजारी माझी नक्कल बसवणार?" मी ओरडलो. "आणि मी इथं काय करू? टाळ्या वाजवू? इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या हुंकारासाठी खोळंबलंय, आणि तोसुद्धा तुम्हाला काढून न्यायचाय?"

अन्वी म्हणाली, "ती बाई नाही, मास्तर."

"ते मला सांगू नको!"

तस्लीम दारात उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला बोलवावं लागत नाही. म्हणाली, "मास्तर, मी एक बोलू?"

"नको म्हटलं तर थांबणारायस का?"

"बाई आमच्या वर्गात कुणालाच मिळाल्या नाहीत. आम्ही यायच्या आधीच त्या गेल्या. तुम्ही त्यांचं सांगता, ते चांगलं सांगता, पण ते तुम्हाला सांगितलेलं असतं. हे पहिल्यांदाच असं आहे की बाईंनाही नवीन आणि आम्हालाही नवीन. तुमच्यासाठी ते दोन-चार तुकडे पुरेत. आम्हाला सगळं पाहिजे." ती एक पाऊल आत आली. "आणि त्या तिथं एका शब्दासाठी आठवडा आठवडा बसून राहतात, ते तुम्हाला बरं वाटतं होय?"

लेकीच्या वयाची नव्हे, नातीच्या वयाची पोर. आणि हो, मला बरं वाटत होतं. तेच तर वाईट होतं. शलाकानं जन्मभर ज्या पोरांसाठी आकाश सोपं केलं, त्यांच्या तोंडातला घास मी स्वतःच्या ताटात ओढून घेत होतो.

"घेऊन जा," मी अन्वीला म्हटलं. "काय पाहिजे ते घेऊन जा."

श्रोता घडवायला तिला माझी मदत लागली. जुनी मुद्रणं लावायची आणि कुठला हुंकार कशाचा ते मी सांगायचं. चार-पाच दुपारी आम्ही त्याच खोलीत बसलो. बांगड्या वाजल्या. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ते शेजारी आता नाहीत. आणि शलाका म्हणाली, "मास्तर, ऐकताय ना? शनीभोवती कडं आहे, पण ते कडं नव्हे, उधळलेले तांदूळ आहेत." मला रडू आलं. आलं तर आलं. अन्वीनं यंत्र बंद केलं नाही, बरं केलं.

एका दुपारी ती म्हणाली, "तुमचे हुंकार एकसारखे नाहीत, ठाऊक आहे? एक हं म्हणजे कळलं. एक हं म्हणजे कळलं नाही, पण उगीच विचारायला नको. तसा हुंकार आला की बाई लगेच तेच दुसऱ्या शब्दांत सांगतात. उधळलेले तांदूळ तशाच हुंकारानंतर आलेत. आणि खरोखर रंगलात की तुम्ही म्हणता, मग?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं मी नुसता बसलेला असतो.

श्रोता गेला. आणि त्यानंतर सांगावे असे सुटले की पट्टी थांबेना. दोघंही त्यात असायचे. तस्लीम शलाकाचं वाचायची आणि माझं वाचायला सातवीतली पोरं पाळी लावून भांडायची.

"कडेनं खडबड आहे. डोंगर असावेत."

"हं."

"त्यांच्या सावल्या जागच्या हलत नाहीत. त्यांचा सूर्य हलतच नाही ना."

"मग?"

"मग काय? तिथं सकाळ म्हणजे एक गाव. संध्याकाळ म्हणजे दुसरं गाव. सकाळ पाहिजे असली तर चालत जायचं."

पोरं वेडी झाली. सातवीतल्या एकानं जाहीर केलं की तो सकाळच्या गावात राहणार आणि शाळा संध्याकाळच्या गावात ठेवणार. त्यांनी भाकऱ्या थापून ग्रह केले, डोंगरांना शेंगदाणे लावले. पुण्याच्या लोकांनीही म्हणे टेबलावर तसाच एक करून ठेवला. पट्टा जवळजवळ पुरा झाला.

मी हसत होतो, शाबास म्हणत होतो आणि आतून जळत होतो. तो "मग?" मी म्हटलेला नव्हता. पण मी तिथंच म्हटला असता, अगदी तिथंच. तिकडं माझा हुंकार तिच्याजवळ बसून सगळं पहिल्यांदा ऐकत होता, आणि मला ते तीन दिवसांनी, पोरांबरोबर, शिळं मिळत होतं. स्वतःचाच मत्सर करणारा माणूस तुम्ही बघितलाय का? मी तरी बघितलेला नाही, पण मी झालो होतो. घरी आलो की सतरंजीवर बसायचो, वाद्या ओढायचो. मला कुणी काही विचारत नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका बुधवारी, तास सुरू व्हायच्या बेतात, अन्वीचा फोन आला. तस्लीमनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मास्तर, घोटाळा झालाय. श्रोता बंद पडला."

"म्हणजे?"

"हुंकार देत नाही. कालपासून शोधतोय, दोष सापडत नाही. शेवटचा सांगावा तुमच्या पट्टीवर पाठवलाय. वाचा."

तस्लीमची बोटं पट्टीवरून फिरली.

"पट्ट्याच्या पलीकडं, गार बाजूला, एक जागा आहे. ती मी पुन्हा पुन्हा चाचपली. तिथं जे लागतंय ते आतापर्यंत कुठंच लागलं नव्हतं. मास्तर?"

तस्लीम आता खालच्या आवाजात पुढं वाचू लागली.

"मास्तर, ऐकताय ना?"

"झोपलात वाटतं."

"बरं, झोपा. उठलात की सांगते."

"आणि त्यानंतर काही नाही," अन्वी म्हणाली. "आमच्याकडं सगळे हवालदिल झालेत. श्रोत्यात काय बिघडलं असेल?"

मला हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पोरं घाबरून मला हलवायला लागली. अहो, दुपारची जेवणं झालेली, सतरंजी, पंख्याचा वारा, आणि बायको हळू आवाजात नक्षत्रं सांगतीय. कुठला माणूस जागा राहील? मी हटकून पेंगायचो. कधी पाचव्या वाक्याला, कधी पन्नासाव्या. हुंकार आला नाही की ती ओळखायची, आणि पांघरूण घालून कामाला लागायची. ते सगळं मुद्रणात होतं. त्यांच्या श्रोत्यानं ते इमानदारीनं उचललं होतं.

"काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "डुलकी लागलीय त्याला."

फोनवर अन्वीही हसली. म्हणाली, "झोपेचे तुकडे काढून नवा श्रोता पाठवता येईल. वरिष्ठ तेच म्हणतायत. आजच तयार होईल, मग बाई पुन्हा कधी थांबायच्या नाहीत." तिनं आवाज बारीक केला. "पण पट्टा पुरा झालाय, मास्तर. जे हवं होतं ते मिळालंय. ही एक जागाच राहिलीय, आणि तेवढ्यापुरतं इंधन आहे. तुम्ही उठवणार असाल तर मी वरिष्ठांना सांभाळते."

मी पोरांना विचारलं, "आठवडा लागेल. चालेल?"

"आम्हाला चालेल," तस्लीम म्हणाली. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना गप्प राहायचा दम भरला.

आयुष्यभर मी हं म्हणत आलो होतो. तेवढं पुरायचं. पण आता त्या विश्रामबागच्या अंधारात ती माझ्या उठण्याची वाट बघत बसली होती, आणि मला हं म्हणवेना. घसा खाकरला. फोन तोंडाजवळ धरला.

"शलाका," मी म्हटलं, "जागा आहे. सांग."